लहान अँप्लिफायर आणि घरचें गाणें

मध्यम स्थितींतल्या कुटुंबांत संगीताची आवड असते, चांगलें ऐकण्याची इच्छाहि असते. परंतु उत्तम ध्वनियंत्र ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतली वस्तु होय, अशी समजूत मनांत घट्ट बसलेली असते. दुकानांत माणसाच्या कमरेइतके उंच स्पीकर, दोघांनीं मिळून उचलावा असा अँप्लिफायर आणि त्यावर चिकटविलेला किंमतीचा आंकडा पाहून गृहस्थ मुकाट्यानें घरीं परततो आणि खिशांतल्या मोबाइलवरच गाणें लावतो. या समजुतींत तथ्य किती आणि भ्रम किती, याचा हिशेब मांडणें हा या भाषणाचा विषय आहे.

आज घराघरांत जितकें संगीत येऊन पडलें आहे तितकें पूर्वीं कधींच नव्हतें. ज्या जुन्या ध्वनिमुद्रिकांसाठीं शौकीन लोक मुंबईच्या चोरबाजारांत दिवसचे दिवस घालवीत, त्यांतल्या कितीतरी आतां बोटाच्या एका स्पर्शानें वाजूं लागतात. पण वाजतात म्हणजे नेमकें काय ऐकूं येतें? काळी एक या पट्टींत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज घ्या. त्याचीं कंपनें सेकंदास सुमारें १३८. त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज निम्म्यावर, म्हणजे सुमारें ६९. आतां मोबाइलच्या पोटांतला स्पीकर नखाएवढा. तो तीनशें कंपनांच्या खालीं आला कीं त्याचा दम सुटूं लागतो. तेव्हां गायकाचा आधारस्वर आणि तंबोऱ्याचा खर्ज हे दोन्ही त्या यंत्रांतून जवळजवळ बाहेर पडतच नाहींत. तरीहि गाणें ओळखूं येतें, कारण माणसाचा कान मोठा चतुर आहे. वरच्या स्वरांशांवरून खालचा स्वर तो अंदाजानें भरून काढतो. डग्ग्याच्या बाबतींत मात्र ही चतुराई चालत नाहीं. त्याचा घुमारा पार नाहींसा होतो आणि तबला म्हणजे नुसती टकटक उरते.

कानांत घालावयाच्या बोंडांनीं हा दोष पुष्कळसा दूर होतो हें खरें. पण तीं बोंडें एका वेळीं एकाच माणसाचीं. मुलगा आपलें ऐकतो, सून आपलें ऐकते, आणि एकाच खोलींत चौघे चार निरनिराळ्या मैफलींत बसलेले असतात. घरांतल्या वडील माणसांची अडचण त्याहून मोठी आहे. वयोमानाप्रमाणें वरच्या पट्टींतलें ऐकूं येणें कमी होत जातें. आजींना मोबाइलवरच्या अभंगाचे शब्द लागत नाहींत, म्हणून आवाज वाढवावा तर तो कर्कश होतो, आणि त्या ‘राहूं दे’ म्हणून उठून जातात. ज्यांनीं जन्मभर गाणें ऐकलें त्यांचेंच गाणें असें सुटावें, आणि तें केवळ यंत्राच्या नखाएवढ्या तोंडामुळें सुटावें, ही गोष्ट साधी नव्हे.

यावर उपाय म्हणजे दोन बऱ्यापैकीं स्पीकर आणि त्यांना चालविणारा एक लहान, स्वस्त अँप्लिफायर. अँप्लिफायर म्हणजे ध्वनिवर्धक. मोबाइल, कॅसेटयंत्र किंवा रेडिओ यांतून गाण्याची जी विद्युत्प्रतिमा बाहेर येते ती इतकी क्षीण असते कीं स्पीकरचा पडदा तिच्यानें हालत नाहीं. त्या प्रतिमेबरहुकूम मोठा प्रवाह तयार करून स्पीकरला पुरविणें एवढेंच अँप्लिफायरचें काम. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें तेव्हां असलें कांहींच नव्हतें. गाणाराच्या छातींतलाच जोर कर्ण्यांतून सुईपर्यंत पोंचत असे, आणि ऐकणाराच्या घरींहि कर्णाच तो जोर परत करीत असे. १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्यानें मुद्रण सुरू झालें, आणि त्याच सालीं अमेरिकेंत राइस आणि केलॉग या दोघांनीं ज्या रचनेचा स्पीकर प्रसिद्ध केला, तीच रचना थोड्याफार फरकानें आजहि घरोघर चालू आहे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झालें, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत व्हॉल्व्हचा रेडिओ ही प्रतिष्ठित घराची खूण बनली.

येथें त्या रेडिओकडे जरा निरखून पाहावयास पाहिजे. अशा पुष्कळ रेडिओंत स्पीकर चालविण्याचें काम शेवटच्या एकाच व्हॉल्व्हवर असे. ६-व्ही-६ या नांवाचा एक व्हॉल्व्ह त्या काळीं फार प्रसिद्ध होता. त्याच्याकडून मिळणारी शक्ति सुमारें साडेचार वॉट. साडेचार! तेवढ्यावर माडीवरचा रेडिओ वाड्याच्या चौकांत ऐकूं येई आणि बिऱ्हाडकरू जिन्यांत उभे राहून भजन ऐकत. त्या रेडिओंचे स्पीकर मोठ्या आकाराचे आणि थोड्या शक्तींत पुष्कळ आवाज देणारे असत, हें ध्यानांत घेतलेंच पाहिजे. तरीपण ज्या घराचे आजोबा साडेचार वॉटवर तृप्त होते त्याच घरच्या नातवाला शंभर वॉटखेरीज गाणें ऐकतां येत नाहीं असें दुकानदारानें सांगावें, आणि नातवानें तें खरें मानावें, याचें नवल वाटतें.

यास्तव थोडें गणित करूं या. गणित म्हटलें कीं कांहीं श्रोते यंत्राची खुंटी फिरवितील, पण हें चौथीपांचवीच्या पलीकडचें नाहीं. आवाजाची पातळी डेसिबेल या मापानें मोजतात. साधें बोलणें सुमारें ६० डेसिबेल, आणि घरांत बसून मन लावून ऐकावयाचें गाणें सरासरीनें ७० च्या आसपास. आतां मध्यम प्रतीचा घरगुती स्पीकर एक वॉट शक्तींत, एक मीटर अंतरावर, ८७ डेसिबेल आवाज देतो असें धरावें. हा आंकडा बहुधा स्पीकरच्या कागदावर छापलेला असतो. ऐकणारा दोन मीटरवर बसला तर त्यांतले सहा वजा होतात. स्पीकर दोन आहेत म्हणून तीन मिळतात. राहिले ८४. म्हणजे प्रत्येक स्पीकरला एक एक वॉट दिला तर कानावर ८४ डेसिबेल येतील, आणि हवे आहेत सरासरी ७०. हे १४ डेसिबेल कमी करावयाचे तर शक्ति पंचविसाव्या हिश्श्यावर आणावी लागते. एक वॉटचा पंचविसावा भाग! विलंबित ख्यालाची बढत चालू असतां स्पीकरकडे जाणारी शक्ति ती एवढीच.

अर्थात् गाणें नेहमीं सरासरीवर चालत नाहीं. तान जोरानें वर जाते, पखवाजावर थाप पडते. अशा क्षणीं आवाज सरासरीच्या वीस डेसिबेल वर उडी मारूं शकतो. म्हणजे ९० डेसिबेल. ८४ च्या वर सहा डेसिबेल जाण्यास शक्ति चौपट लागते, म्हणजे चार वॉट. याहून जोराची उडी येईल म्हणून दुप्पट-तिप्पट राखीव ठेवा. दहा-बारा वॉट झाले. बारा फुटी खोलींत, अशा स्पीकरांवर, याहून अधिक शक्तीचा उपयोग पाहुण्यांना आंकडा सांगण्यापलीकडे फारसा होत नाहीं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. दहा वॉटच्या जागीं शंभर वॉट घेतले तर आवाज दहापट होत नाहीं. शक्ति दहापट झाली कीं डेसिबेल दहानें वाढतात, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. दहाचे वीस वॉट केले तर फरक तीनच डेसिबेलांचा. लक्ष देऊन ऐकणाराला तो कळेल, स्वयंपाकघरांत फोडणी देणाराला कळणार नाहीं. निसर्गानें कानाची रचनाच अशी केली आहे, त्याला कारखानदार तरी काय करणार! पण दहाच्या आणि शंभराच्या किंमतींत जें अंतर असतें तें मात्र कानानें मोजावयाचें नसतें, खिशानें मोजावें लागतें.

लहान अँप्लिफायर आतां स्वस्त कां झाला, याचें कारण मनोरंजक आहे. जुन्या पद्धतीच्या अँप्लिफायरांत वीज मधल्या भागांत अडवून, हवी तेवढीच पुढें सोडीत. अडविलेल्या विजेची उष्णता होई. छताच्या पंख्याचा जुना खटका ज्यांनीं वापरला आहे त्यांना याची ओळख आहे. पंखा सावकाश ठेवला कीं भिंतीवरची ती काळी पेटी हाताला गरम लागत असे. वीज पंख्याला न जातां पेटींत जळत होती. अँप्लिफायरांतहि तेंच, म्हणून त्याला जड ट्रान्सफॉर्मर आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची फणी लागे, आणि खर्चाचा मोठा वांटा या लोखंडाअॅल्युमिनियमांत जाई. नव्या पद्धतींत, जिला ‘डी’ वर्ग म्हणतात, वीज अडवीत नाहींत. ती एकदां पूर्ण सोडतात, एकदां पूर्ण बंद करतात, आणि हें सेकंदास कित्येक लाख वेळां. सोडण्याचा काळ किती आणि बंदचा किती, हें गाण्याच्या लहरीप्रमाणें क्षणोक्षणीं बदलत असतें. शेवटीं एक वेटोळें आणि एक कपॅसिटर मिळून ही तडतड पुसून टाकतात आणि स्पीकरकडे फक्त गाणें जातें. मोठा आवाज चालू असतां घेतलेल्या विजेपैकीं शेंकडा ८५-९० भाग या रीतीनें स्पीकरपर्यंत पोंचतो. उष्णता नाहीं, म्हणून फणी नाहीं. फणी नाहीं, म्हणून यंत्र तळहातावर मावतें.

या यंत्राला रसिकांच्या दरबारांत मान कसा मिळाला, तो प्रसंग सांगण्यासारखा आहे. आद्य त्रिपाठी यांनीं १९९५ मध्यें अमेरिकेंत ‘ट्रायपाथ’ नांवाची कंपनी स्थापन केली, आणि तिनें टीए-२०२० ही एक चिप काढली. तिचीच टीए-२०२४ ही चिप घालून ‘सॉनिक इम्पॅक्ट’ या कंपनीनें या शतकाच्या पहिल्या दशकांत ‘टी-अँप’ म्हणून एक प्लास्टिकची डबी विकावयास आणली. आठ लहान सेलांवर चालणारी, हातांत घेतली तर मुलांचें खेळणें वाटावी अशी ती वस्तु. किंमत ४० डॉलरांच्या आंत. गंमत म्हणून कांहीं जाणकारांनीं ती आपल्या महागड्या स्पीकरांना जोडली, आणि ते चकित झाले. शक्ति थोडी, पण तेवढ्या शक्तींत आवाज स्वच्छ. पुढें २००७ मध्यें ट्रायपाथ कंपनी दिवाळखोरींत गेली. परंतु जग हालविणाऱ्या पंचवीस चिपांची जी यादी अमेरिकेंतल्या ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या मासिकानें २००९ मध्यें छापली तींत टीए-२०२० चें नांव आहे. त्यानंतर इतर कारखान्यांनीं तसल्याच चिपा काढल्या. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत दोन-चार हजार रुपयांत जो लहान अँप्लिफायर मिळतो, तो या कुळांतला.

आतां पेटीवरच्या आंकड्यांकडे वळूं. या प्रांतांत सत्याचा व्यवहार फार सैल आहे. कांहीं वर्षांपूर्वीं ‘पीएमपीओ’ म्हणून एक माप निघालें होतें. पुठ्ठ्याच्या खोक्याएवढ्या टेपरेकॉर्डरवर हजार-हजार वॉट छापलेले असत, आणि त्याचा भिंतींतल्या खटक्याशीं कांहींएक संबंध नसे. तो आंकडा कसा काढावा याला ठरलेला नियमच नव्हता. त्यामानानें हल्लींचे लेख सभ्य असतात, तरी तपासून घेणें बरें. आणि तपासण्यास शास्त्रज्ञ लागत नाहीं, अँप्लिफायरबरोबर येणारा अडॅप्टर पुरे. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. दोहोंचा गुणाकार केला कीं वॉट. १२ व्होल्ट आणि २ अँपिअर असतील तर २४ वॉट. पेटीवर मात्र ‘५० अधिक ५०’ असें लिहिलेलें. जी विहीर तासाला चोवीस घागरी देते तिच्यांतून सतत शंभर घागरी कोण काढणार?

दुसरा ताळा याहूनहि नेमका आहे. अडॅप्टरच्या व्होल्टांचा वर्ग करावा, आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीनें त्याला भागावें. उत्तर येईल तें प्रत्येक स्पीकरला मिळूं शकणाऱ्या स्वच्छ शक्तीची वरची सीमा. १२ व्होल्ट आणि ८ ओहम असतील तर १४४ भागिले १६, म्हणजे ९ वॉट. तोच अँप्लिफायर २४ व्होल्टांवर चालणारा असला तर ५७६ भागिले १६, म्हणजे ३६. प्रत्यक्षांत यापेक्षां थोडें कमीच मिळतें. ‘टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स’ची टीपीए-३११६ ही चिप आज अशा पुष्कळ यंत्रांत असते; तिचे ५० वॉट खुद्द कारखान्याच्या कागदावर आहेत, पण ते ४ ओहमच्या स्पीकरवर, २१ व्होल्ट दिले असतां आणि आवाजांत शेंकडा १० विकृति चालवून घेतली तर. शेंकडा १० विकृति म्हणजे गाणारानें घसा बसलेला असतां गाणें. कारखान्यानें खोटें सांगितलेलें नाहीं. अट मात्र पेटीवर छापलेली नसते.

नऊ वॉट हा आंकडा वाचून ज्यांचें तोंड उतरलें असेल त्यांनीं मागचा हिशेब आठवावा. गरज होती चार वॉटची, आणि तीहि क्षणभर.

अँप्लिफायरमध्यें जे पैसे वांचले ते स्पीकरांत घालावे. आवाजाचा रंग, डग्ग्याचा घुमारा, सारंगीचा ओलावा हें सारें मुख्यतः स्पीकर ठरवितात. चांगल्या आणि सामान्य स्पीकरांतला फरक घरांतल्या लहान मुलालाहि कळतो, आणि दोन बऱ्या अँप्लिफायरांतला फरक सांगतांना जाणत्यांचीहि तारांबळ उडते. निदान पांच-साडेपांच इंची पडदा असलेला स्पीकर असावा. संवेदनशीलता, म्हणजे तो वर सांगितलेला डेसिबेलांचा आंकडा, ८६ च्या खालीं नसावा, कारण लहान अँप्लिफायरला मंद स्पीकर ओढणें जड जातें. ८२ आणि ८८ हे आंकडे कागदावर जवळजवळ दिसतात, पण पहिल्याला दुसऱ्याच्या चौपट शक्ति लागते. जुने स्पीकर मिळाले तर अवश्य पाहावे. मात्र पडद्याच्या कडेला फोमची गोल पट्टी असेल तर तिला बोटानें हलकेंच दाबून बघावें. वर्षें लोटलीं कीं ती पट्टी भुगा होऊन पडते. ती नवी बसवून देणारे कारागीर असतात, तो खर्च धरूनच किंमत ठरवावी. आणि दुकानांत ऐकावयास जातांना आपल्या पूर्ण परिचयाची चीज बरोबर न्यावी. दुकानदार जें लावील तें त्याच्या स्पीकरला शोभणारें असतें.

जोडणी सोपी असली तरी तींत दोन-तीन ठिकाणीं फसगत होते. अँप्लिफायरच्या तांबड्या तोंडापासून निघालेली तार स्पीकरच्या तांबड्या तोंडालाच जावी, काळी काळ्याला. एका बाजूला हें उलट झालें तर एक पडदा पुढें येतांना दुसरा मागें जातो, आणि खर्ज आपसांतच कापला जातो. घरीं आणलेलें यंत्र पोकळ वाजतें म्हणून दुकानदाराशीं भांडण होतें. दोष असतो दोन तारांचा. याची परीक्षा जुन्या ध्वनिमुद्रिकेवर उत्तम होते. १९५० पूर्वींच्या आपल्याकडील ध्वनिमुद्रिका एकपदरी, म्हणजे ‘मोनो’ आहेत. दोन्ही स्पीकरांतून तोच आवाज येतो. मध्यभागीं बसून ऐकलें असतां गाणारा दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यें, रिकाम्या जागेंत बसलेला वाटला पाहिजे. तो दोन्हीकडे पसरलेला आणि कोठेंच नसल्यासारखा वाटला, तर एका स्पीकरच्या तारा उलट करून पाहाव्या.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या चिपांवर चालणाऱ्या बहुतेक अँप्लिफायरांत डावी काळी तार आणि उजवी काळी तार एक नव्हेत, आणि त्यांतली एकहि जमिनीशीं जोडलेली नसते. जुन्या सवयीनें दोन काळ्या तारा एकत्र पिळल्या, तर यंत्र त्याच क्षणीं निकामी होण्याचा संभव असतो. तिसरी तक्रार गुणगुणण्याची. संगणक एका खटक्यावर, अँप्लिफायर दुसऱ्या भिंतीवरच्या खटक्यावर, असें असलें कीं दोन जमिनींच्या जोडण्यांमधून स्पीकरांत गुंई असा आवाज येऊं लागतो. दोन्ही एकाच पट्टीवर लावल्यानें तो पुष्कळदां जातो; जमिनीची पिन मोडून टाकण्याचा जो उपाय कोणी सुचवितात तो जिवावर बेतणारा आहे, तो करूं नये.

स्पीकर कोठें ठेवावे, याकडे जितकें दुर्लक्ष होतें तितकें दुसऱ्या कशाकडेहि होत नसेल. एक कपाटावर आणि दुसरा पलंगाखालीं ठेवून त्यांना नांवें ठेवणारीं माणसें पुष्कळ. दोन स्पीकर आणि ऐकणाराची जागा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, आणि स्पीकरांतला लहान पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. खाली सतरंजीवर बसून ऐकण्याची पद्धत असेल तर स्पीकरहि तितके खालीं उतरवावे. भिंतीला चिकटविले तर खर्ज वाढतो, कोपऱ्यांत कोंबले तर अतोनात वाढतो. लहान स्पीकरला भिंतीची थोडी मदत हितकारक ठरते, मोठ्याला ती नडते. वीत वीत सरकवून ऐकावें, त्याला खर्च नाहीं. आपल्याकडच्या खोल्यांचा खरा शत्रु म्हणजे उघडी फरशी आणि गुळगुळीत गिलावा. टाळी वाजविली असतां खोली खणखणीत उत्तर देत असेल तर तानेचे दाणे एकमेकांत मिसळणारच. एक जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि पुस्तकांनीं भरलेलें कपाट, एवढ्यानें जो फरक पडतो तो दहा हजारांचा अँप्लिफायर घेऊन पडत नाहीं. पुस्तकांचा हा उपयोग पुस्तकें न वाचणारांनाहि पटेल.

लहान अँप्लिफायर कोठें कमी पडतो, हेंहि सांगितलें पाहिजे. लग्नाच्या मांडवांत, गच्चीवरच्या मेळ्यांत, तीस माणसांच्या गडबडींत तो उपयोगाचा नाहीं. त्याला तेथें ओढला तर आवाजाचीं शिखरें कापलीं जातात, गाणें फाटतें, आणि त्या फाटलेल्या आवाजानें स्पीकरमधला लहान पडदा जळण्याचाहि धोका असतो. शक्ति थोडी म्हणून स्पीकर सुरक्षित, हा समज खरा नव्हे. ज्यांच्या घरीं जुन्या तबकड्या आहेत त्यांना आणखी एक जिन्नस लागेल. तबकडीच्या सुईपासून निघणारी विद्युत्प्रतिमा अवघी चार-पांच सहस्रांश व्होल्टांची असते. ती वाढवून तिचा तोल सुधारणारी निराळी पेटी, जिला ‘फोनो’ म्हणतात, मध्यें घालावी लागते. ती नसतां तबकडीयंत्र थेट जोडलें तर आवाज मुंगीसारखा येतो. शिवाय ७८ फेऱ्यांच्या तबकडीला जाड टोंकाची सुई वेगळी पाहिजे; लाँगप्लेची बारीक सुई तिच्या रुंद खांचेच्या तळाशीं घासत जाते. कॅसेटयंत्राला यांतलें कांहीं लागत नाहीं. वडिलांनीं १९८०-९० च्या सुमारास रेडिओवरून घरीं भरून ठेवलेल्या कॅसेटी ज्यांच्या माळ्यावर असतील, त्यांनीं त्या आतां काढाव्या. फीत किती वर्षें टिकेल याची शाश्वती नाहीं.

रात्रीचें ऐकणें हा या लहान यंत्राचा विशेष प्रांत. निवासी भागांत रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबेल असावी, असें २००० सालच्या सरकारी नियमांत आहे. नियम नसता तरी भिंतीपलीकडे कोणाचें तान्हें मूल निजलेलें असतें. हळू आवाजांत वरचा स्वर भिंतींत अडतो, पण खर्ज चोरट्या पावलानें शेजाऱ्याच्या घरांत शिरतो. स्पीकरच्या खालीं रबराच्या जाड चकत्या ठेवाव्या, आणि रात्रींपुरता तो भिंतीपासून हातभर पुढें ओढावा. स्वस्त अँप्लिफायरची आवाजाची खुंटी अगदीं खालच्या टोंकाला डावें-उजवें सारखें देत नाहीं. गाणारा एका बाजूला झुकतो. म्हणून मोबाइलवरचा आवाज निम्म्यावर आणावा, म्हणजे खुंटी मधल्या भागांत राहते आणि दोन्ही बाजू सरळ येतात. मग खुंटी सावकाश वर न्यावी, तंबोऱ्याच्या चार तारा वेगळ्या मोजतां येऊं लागतील तोंपर्यंत. ऐकणारांत कोणी वृद्ध असतील तर त्यांची खुर्ची स्पीकरांच्या जवळ, दीड मीटरवर आणावी. दोन मीटरवरून तेवढें पुढें आल्यानें त्यांना अडीच डेसिबेल अधिक मिळतात, आणि बाकीच्यांसाठीं आवाज वाढवावा लागत नाहीं.